सेकंडहँड गाडी घेतली आणि लगेच बंद पडली: आधी बिघाड शोधा, मग माणूस

गाडी मालकाकडून थेट घेतली. चालवून बघितली तेव्हा छान होती. व्यवहार झाला, किल्ली हातात आली आणि पंधरा दिवस जायच्या आत ती भर रस्त्यात बंद पडली. फिटरने काहीतरी बदललं, दोन दिवस चालली, पुन्हा बंद. अशी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "त्याने मला फसवलं."

फसवलं असेलही. पण बिघाड नेमका काय आहे हे कळल्याशिवाय ते ठरवता येत नाही. फसवलंच आहे असं धरून चाललं की माणूस सगळ्यात मोठा, सगळ्यात खर्चिक दोष शोधू लागतो. इंजिन खोलायच्या गोष्टी सुरू होतात आणि शेवटी बॅटरीची अर्थिंगची वायर सैल निघते. उलटंही होतं. दोष खरोखर मोठा असतो, पण घाईघाईत चार पार्ट बदलून झाल्यामुळे तो मुळात काय होता आणि कधीपासून होता हे सांगायला पुरावाच उरत नाही.

माझ्या मते अशा गाडीबद्दल पहिला प्रश्न "काय खराब झालं" हा नसून "काय बदललं" हा आहे. मालक बदलतो तेव्हा वापर बदलतो. आधीचा मालक रोज थोडंसं अंतर सावकाश चालवत असेल आणि तुम्ही पहिल्याच सुट्टीला चार माणसं, सामान आणि एसी लावून तीन तास सलग चालवली असेल. अर्धा तुंबलेला रेडिएटर पहिल्या वापरात वर्षभर निभावून नेतो, दुसऱ्यात तासाभरात उघडा पडतो. काही गाड्या विकायच्या आधी सहा-सहा महिने उभ्या असतात. त्यात पेट्रोल जुनं होतं, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, बॅटरी आतून संपते. आणि तिसरा प्रकार म्हणजे विकण्यासाठी केलेली तयारी. प्रेशरने इंजिन धुतलं जातं आणि पाणी कॉइलच्या (स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या भागाच्या) खोबणीत किंवा कनेक्टरमध्ये जाऊन बसतं. घाईत ऑइल बदललं जातं. बॅटरी काढून पुन्हा लावली जाते. यातल्या कशातही लबाडी असेलच असं नाही. जाणूनबुजून झाकलेला दोष हा चौथा प्रकार, आणि त्याच्या खुणा वेगळ्या असतात. त्या पुढे येतीलच.

बंद पडली त्या क्षणी

सेल्फ मारत बसू नका. ही गोष्ट सगळ्यात आधी, कारण इथे इंजिन वाचतं किंवा जातं. चालता चालता गाडी एकदम बंद झाली आणि आता सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भराभर, काहीच अडथळा नसल्यासारखं फिरतंय असं वाटलं, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला असण्याची शक्यता आहे. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पुढचा प्रत्येक सेल्फ नुकसान वाढवू शकतो. ऑइलचा लाल दिवा लागून बंद पडली असेल, तर डिपस्टिक बघितल्याशिवाय एकदाही स्टार्ट करू नका.

तापमानाचा काटा वर जाऊन बंद पडली असेल, तर कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने साधारण १ बार दाब धरून ठेवला की तेच १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवल्या क्षणी दाब सुटतो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप (होज) हाताला सोसवेल इतका गार होईपर्यंत थांबा.

मग वही किंवा मोबाइल काढा आणि लिहा. सुरू करून किती वेळ झाला होता, वेग काय होता, चढ होता का, एसी चालू होता का, टाकीत किती इंधन होतं, शेवटचं कधी भरलं, कोणते दिवे लागले, बंद पडताना आचके दिले की दिवा विझावा तशी गेली. आचके देत मरणारी गाडी बहुतेक वेळा इंधन कमी पडल्याने मरते. एका झटक्यात गेलेल्या गाडीत आधी करंट किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला कळवणारा) बघावा. हे पक्कं निदान नव्हे, पण कुठून सुरू करायचं ते यावरून ठरतं. दुसऱ्या दिवशी फिटरला "मधेच बंद पडते" एवढंच सांगितलं तर तो बिचारा अंदाजानेच पार्ट बदलणार.

काही टाकायच्या आधी पातळ्यांचे फोटो घ्या: ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. टॉपअप केल्यावर मूळ पातळी कुणालाच कळणार नाही.

कोड पुसू देऊ नका

गाडीच्या संगणकाला दोष दिसला की तो त्याचा कोड नोंदवून ठेवतो. हे कोड स्कॅनरने वाचण्यासाठी डॅशबोर्डखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. तो अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा झाला. फार जुनी गाडी सोडली तर तो बहुतेक गाड्यांत सापडतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पुष्कळदा पहिलं काम होतं ते म्हणजे कोड पुसून "बघू परत येतो का" म्हणणं. नव्याने घेतलेल्या गाडीत हे होऊ देऊ नका. आधी सगळं वाचा, स्क्रीनचे फोटो काढा, मग हवं तर पुसा.

नुसता कोड पुरेसा नाही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड. तुमच्या वहीतल्या नोंदीशी ती ताडून बघा. फ्रीझ फ्रेम सांगते इंजिन ३० अंशांवर होतं आणि तुम्ही म्हणता तासभर चालवल्यावर बंद पडली, तर तो कोड या बिघाडाचा नाही किंवा तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय.

आता कमी बघितली जाणारी जागा. बहुतेक गाड्यांचा संगणक कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हे लक्षात ठेवतो. साधे स्कॅनरही तो आकडा दाखवतात. त्याच्या शेजारी रेडिनेस मॉनिटरची यादी असते, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणकोणत्या तपासण्या पूर्ण केल्या. कोड पुसले की ही यादी "अपूर्ण" होते आणि वेगवेगळ्या परिस्थितीत गाडी चालल्यावरच एकेक तपासणी पूर्ण होते. तुम्ही गाडी घेतल्यापासून ३०० किलोमीटर चालवली आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर ३१० दाखवत असेल, तर व्यवहाराच्या अगदी तोंडावर कोणीतरी कोड पुसले किंवा बॅटरी काढली. बॅटरी काढल्यावरही बऱ्याच गाड्यांत हे सगळं शून्यावर येतं, आणि विकण्याआधी बॅटरी बदलणं ही अगदी सरळ गोष्ट असू शकते. म्हणून याला पुरावा न मानता प्रश्न माना, विकणाऱ्याला विचारायचा.

आणखी एक तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. किल्ली ऑनवर करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, ऑइल, एबीएस, एअरबॅग हे दिवे लागायला हवेत आणि ठरावीक वेळाने किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. यातला एखादा दिवा लागतच नसेल, किंवा एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेला न विझता दुसऱ्या दिव्याबरोबर मुकाट विझत असेल, तर मीटरमध्ये हात घातला गेला असण्याची दाट शक्यता आहे. झाकाझाकीची इतकी स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

गरम होणारी गाडी

यावर जास्त लिहितो, कारण घेतल्यावर लगेच लांबच्या प्रवासात बंद पडणाऱ्या गाड्यांमध्ये नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं आणि दोष तात्पुरता लपवणंही इथेच सगळ्यात सोपं असतं.

थंड इंजिनपासून सुरुवात करा, रात्रभर उभी राहिलेल्या. एसी बंद ठेवून किल्ली फिरवा. रेडिएटरचा फॅन लगेच फिरायला लागला तर कोणीतरी तो थेट जोडलेला आहे, किंवा तापमानाच्या सेन्सरचं कनेक्शन तुटलं आहे आणि संगणक सावधगिरी म्हणून फॅन चालू ठेवतोय. डायरेक्ट केलेला फॅन म्हणजे कधीतरी ही गाडी गरम व्हायची आणि कारण न शोधता वाट काढली गेली. त्यानंतर इंजिन सुरू करून स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघत बसा. ते सरळ चढत ८५-९५ अंशांच्या आसपास जाऊन स्थिरावलं पाहिजे. खूप वेळ ६० वरच रेंगाळत असेल, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर आणखी उतरत असेल, हीटर कोमट वारा देत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला आहे किंवा काढूनच टाकला आहे. पी०१२८ हा कोड नेमकं हेच सांगतो.

थर्मोस्टॅट काढलेली गाडी शहरातल्या टेस्ट ड्राइव्हला अगदी गार राहते. म्हणूनच काटा खाली आहे म्हणून खूश होऊ नये. तो मध्यावर येऊन थांबलेला हवा. मात्र हे मालकाला माहीतच नसतं असंही मी पाहिलं आहे. फिटरने काढलेला असतो, "आता गरम होणार नाही" एवढंच सांगितलेलं असतं, आणि मालक त्याच भरवशावर गाडी विकतो.

पुढचा प्रश्न हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा. या शंकेवर हेड उतरवायची गरज नाही, आधी एक स्वस्त तपासणी आहे. पारदर्शक नळी असते, तिच्यात निळं द्रावण. थंड इंजिनमध्ये कूलंटची पातळी थोडी कमी करायची, म्हणजे द्रव नळीत ओढला जाणार नाही. रेडिएटरच्या तोंडावर नळी घट्ट बसवायची, इंजिन सुरू करून गरम होऊ द्यायचं आणि रबरी फुग्याने कूलंटच्या वरची हवा त्या द्रावणातून ओढायची. हवा बुडबुडे होऊन निळ्यातून वर येते. दोनेक मिनिटं निळं निळंच राहिलं तर बहुधा ठीक. सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड द्रावणाला आम्ल करतो आणि रंग आधी हिरवट, मग पिवळा होतो. हा रंगबदल मालकाच्या डोळ्यांसमोर व्हावा आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ असावा. नंतर विकणाऱ्याशी बोलताना याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही नसतं. फक्त एक लक्षात ठेवा: फट अगदी बारीक असेल आणि लोड आल्यावरच उघडत असेल, तर उभ्या गाडीत रंग बदलणार नाही. चढावर चालवून आणून इंजिन पुरेसं निवल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते.

जोडीला कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. पेट्रोल इंजिनमध्ये साधारण १० ते १३ बार मिळतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे फरक नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर खाली असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलं असणार. कूलंट तांबूस-गढूळ असेल आणि झाकणाखाली चिकट, दाणेदार थर असेल, तर गळती बुजवायची पावडर किंवा द्रव टाकलेला आहे असं समजा. ते रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं, त्यामुळे सगळी सिस्टिम फ्लश केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या तर मन शांत करून साध्या गोष्टींकडे या: झाकणाचं रबर, वॉटर पंपाजवळची गळती, तुंबलेला रेडिएटर, न चालणारा फॅनचा रिले, आणि सिस्टिममध्ये अडकलेली हवा. विकण्याआधी कोणी कूलंट बदललं आणि हवा नीट काढली नाही, तर एवढ्यानेही गाडी गरम होते. तो दोष तासाभरात निघतो.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू

काटा मध्यावरच असतो, इंजिनचं तापमान नॉर्मल असतं, पण तासभर चालवली की गाडी एकदम बंद होते आणि वीस-तीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती धडधाकट असते. नव्या मालकाला सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा प्रकार हाच, कारण त्याचं कोणी ऐकूनही घेत नाही.

इथे पहिला संशयित क्रँक सेन्सर. गरम झाल्यावर त्याच्या आतलं वेटोळं किंवा सर्किट तुटतं, गार झालं की पुन्हा जुळतं. पकडायचा असेल तर बंद पडलेल्या अवस्थेतच स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम बघा. सेल्फवर इंजिन साधारण १५० ते २५० आरपीएमने फिरतं. इंजिन फिरतंय हे कानाला ऐकू येतंय आणि स्क्रीनवर शून्य आहे, म्हणजे संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. मग तो ना स्पार्क देणार, ना इंधन. सेन्सर किंवा त्याची वायर, दोन्हीपैकी एक. कोड येईलच असं नाही, आला तर पी०३३५ च्या आसपासचा.

आरपीएम येत असेल तर इंधनपंपाकडे वळा. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते, तो पंप. बंद पडल्यावर ती येत नसेल तर पंप, रिले किंवा फ्यूज. पण आवाज येतो म्हणजे दाब येतो असं नव्हे. गेज लावूनच खात्री होते. जो मालक कायम रिझर्व्हवर गाडी चालवायचा त्याच्या गाडीचा पंप लवकर जातो, कारण टाकीतलं इंधनच पंपाला गार ठेवतं आणि तळाचा गाळ जाळीपाशी जमा होत जातो.

याचं एक भावंड आहे. एरवी गाडी ठीक, पण पेट्रोल भरलं की लगेच स्टार्ट होत नाही, ॲक्सिलरेटर दाबून धरला की धापा टाकत सुरू होते. नवीन मालक हौसेने टाकी फुल करतो आणि पंपावरच गाडी अडते. आधीच्या मालकाला थोडं थोडं पेट्रोल भरायची सवय असेल तर त्याला हे कधी फारसं जाणवलंही नसेल. हा बहुधा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा) असतो. टाकीतली वाफ नको तेव्हा इंजिनमध्ये ओढली जाते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण फार वाढतं. इंजिन आयडलवर असताना त्या व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट लावा. इंजिन नुकतंच सुरू झालं आहे, थंड आहे, तरी बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. छोटा पार्ट आहे. याच्यासाठी इंजेक्टर आणि पंप बदलून बसलेली माणसं पाहिली की जीव हळहळतो.

सकाळी स्टार्ट होत नाही

बॅटरी नवीन आहे असं सांगून गाडी विकलेली असते आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी ती उतरते. आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्यावर. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसावं. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकाच रीडिंगवरून डायनामो खराब ठरवू नका.

व्होल्टेज चांगलं आणि तरी सेल्फ जड फिरतो, तर अर्थिंग बघा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. बॅटरी विकण्याआधी काढून-लावून झाली असेल तर टर्मिनल नुसतं अडकवून ठेवलेलंही सापडतं.

बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर कुठेतरी करंट खाल्ला जातोय. गाडी लॉक करून झोपू द्या, म्हणजे तिचे संगणक बंद होऊ द्या, काही गाड्यांना त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, म्हणजे आतले दिवे विझतील. मग निगेटिव्ह केबलच्या ओळीत अँपिअर मीटर लावा आणि गाडी पुन्हा झोपली की मोजा. ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवं. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्धी. मीटर जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका. फ्यूज काढून बघण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजणं चांगलं, गाडी जागी होत नाही.

आणि खासगी व्यवहारात घेतलेल्या गाडीत आधी बघायचं ते कंपनीने न लावलेलं सामान: म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर. आधीच्या मालकाने बसवलेला ट्रॅकर डॅशच्या मागे राहून गेलेला असतो. तो बॅटरी तर खातोच, शिवाय तुमची गाडी कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला दिसत राहतं. तो काढायलाच हवा. काही ट्रॅकरमध्ये इंजिन बंद करायचा रिलेही असतो आणि त्याची सैल जोडणी गाडी मधेच बंद पाडते. अशा वेळी कुठलाच कोड सापडत नाही.

आचके, मिसिंग, धूर

चेक इंजिनचा दिवा नुसता जळत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर पाय उचला आणि बाजूला घ्या. मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतंय आणि तो वितळू शकतो. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, पुन्हा चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. कॉइल काढताना खोबणीत पाणी दिसलं तर इंजिन धुतल्याचा परिणाम, ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय.

नुकतंच ऑइल बदललेल्या गाडीत फिल्टरखाली हात घालून बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावर चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत, काही दिवस पाझरतात आणि मग दाबाने निसटून सगळं ऑइल मिनिटा-दोन मिनिटांत रस्त्यावर येतं. ऑइल डिपस्टिकवर नेहमीपेक्षा फार घट्ट, तारा सुटाव्यात असं वाटलं आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइल भरायचं झाकण काढताच भकाभका वाफ येत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या बाजूने खाली निसटणं) असेल, तर आवाज आणि धूर दबवण्यासाठी जाड ऑइल किंवा ॲडिटिव्ह टाकल्याची शंका घ्यायला जागा आहे.

डिझेलमध्ये छोट्या छोट्या फेऱ्यांनी डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) तुंबतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे संगणक तिची ताकद मुद्दाम कमी करतो. गरम असताना स्टार्ट व्हायला वेळ लागत असेल तर इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून परत टाकीकडे जाणारं डिझेल, मोजून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरून लगेच बदला, गाडी कितीही गोड चालत असली तरी.

विकणाऱ्याशी बोलणं

आता त्याला फोन करा, पण आरोपाने सुरू करू नका. त्या गाडीची सवय जगात सगळ्यात जास्त त्याला माहीत आहे. तो चिडून फोन ठेवून बसला की ती माहिती गेली. साधे प्रश्न विचारा: गाडी शेवटची लांब कधी नेली होती? विकण्याआधी उभी होती का, किती दिवस? बॅटरी कधी काढली? कूलंट किती दिवसांनी टाकावं लागायचं? कुठल्या फिटरकडे जायची, त्याच्याशी मी बोलू का? प्रामाणिक माणूस पटापट उत्तरं देतो, आणि कित्येकदा "हो, फॅनचं काम केलं होतं दोन वर्षांपूर्वी" या एका वाक्यात निम्मा शोध संपतो. उत्तरं टाळली गेली तर तीही नोंद करून ठेवा. बोलणं झाल्यावर मेसेजमध्ये तेच मुद्दे लिहून पाठवा, म्हणजे ते लेखी राहतं.

पैसे परत मागायचे असतील तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गाडी जुनी आहे, क्लच प्लेट, बॅटरी, होज कधीतरी जाणारच, त्याचा दोष विकणाऱ्यावर टाकता येत नाही. पण त्याने जे सांगितलं ते खोटं होतं, म्हणजे "गाडी कधीच गरम झाली नाही" असं जाहिरातीत किंवा मेसेजमध्ये लिहिलेलं आहे आणि फॅन डायरेक्ट, थर्मोस्टॅट गायब, कूलंटमध्ये गळतीची पावडर, तर बोलायला भक्कम आधार आहे. खासगी विक्रीत वॉरंटी सहसा नसते, आणि कायदा जागेनुसार वेगळा असतो. तरी विकणाऱ्याने काय सांगितलं होतं, या मुद्द्यावर सगळं फिरतं. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, ती उडवली जाते. फिटरकडून लेखी घ्या: काय सापडलं, झीज किती जुनी वाटते, दुरुस्तीचा अंदाज काय. काढलेले पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका. आणि दुरुस्ती सुरू करायच्या आधी विकणाऱ्याला गाडी बघायची संधी द्या. त्याने नाही म्हटलं तरी तुम्ही दिली होती हे लेखी असू द्या.

दुरुस्तीनंतर

बिघाड सापडला, पार्ट बदलला, बिल दिलं, तरी लगेच लांब जाऊ नका. गाडी ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच मुद्दाम घडवा: तासाभरात पडायची तर दोन तास चालवा, पेट्रोल भरल्यावर अडायची तर भरून बघा, चढावर तापायची तर एसी लावून चढावर न्या, सोबत स्कॅनर जोडलेला ठेवून. कोड आता पुसायला हरकत नाही. त्यानंतर रेडिनेस मॉनिटर एकेक करून पूर्ण होऊ द्या आणि पेंडिंग कोडची, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांची, यादी रिकामी राहते का ते बघा. दिवा लागायच्या आधी दोष तिथेच दिसतो. कूलंट आणि ऑइलची पातळी पहिला महिनाभर दर आठवड्याला, थंड इंजिनमध्ये, त्याच सपाट जागेवर बघून लिहून ठेवा. पातळी हलली नाही तर महिन्याने बघणं पुरे. हलली तर किती किलोमीटरमध्ये किती, हा आकडा घेऊनच फिटरकडे जा.